सँटा ॲना आणि ऑरेंज काउंटी: स्थलांतर, लॅटिनो मतं आणि वंशाचं राजकारण – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की सँटा ॲनाच्या काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) मतदारसंघाबद्दल तेच तेच प्रश्न येतात, बहुतेक इकडे दक्षिण कॅलिफोर्नियात नवीन आलेल्या मराठी मंडळींकडून, आणि काही पुण्या-ठाण्यात बसून अमेरिकेच्या बातम्या बघणाऱ्यांकडून. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. लॅटिनो आणि हिस्पॅनिक (मेक्सिको आणि तिकडच्या इतर देशांतून आलेले लोक आणि त्यांची मुलंबाळं) खाली एकाच अर्थाने वापरलंय. आणि कायदेशीर भानगड असेल तर वकील गाठा, हे पान वाचून फॉर्म भरू नका.

१. हा मतदारसंघ नक्की कुठला? कुठे ४६वा म्हणतात, कुठे ४७वा.

लॉस एंजेलिसच्या खाली ऑरेंज काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), तिथलं सँटा ॲना शहर आणि त्याला लागून ॲनाहाईम, गार्डन ग्रोव्ह वगैरेचे भाग. डिस्नेलँडमुळे ॲनाहाईम सगळ्यांना माहीत असतं, सँटा ॲना काउंटीचं मुख्यालय असूनही कोणाला माहीत नसतं. दर दहा वर्षांनी जनगणना झाली की सीमा आणि नंबर बदलतात, त्यामुळे नव्वदच्या दशकात हा ४६वा होता, २००३ ते २०१३ ४७वा, मग परत ४६वा. लोरेटा सँचेझ इथून १९९७ ते २०१६ संपेपर्यंत काँग्रेसमध्ये होत्या आणि त्यानंतर लू कोरिया आहेत. जुन्या बातमीत ४७ दिसलं की गोंधळू नका, गल्ल्या बऱ्याचशा त्याच आहेत.

२. सँटा ॲनात तीन चतुर्थांशांहून जास्त लोक लॅटिनो, मग निवडणुका पूर्वी एकतर्फी का नव्हत्या होत?

कारण रस्त्यावर दिसणारी माणसं आणि मतपेटीत पडणारी मतं ह्यांच्यामध्ये तीन चाळण्या आहेत. पहिली वयाची, लॅटिनो लोकसंख्या तरुण आहे, घरात मुलं जास्त, त्यांना मत नाही. दुसरी नागरिकत्वाची, कागदपत्र नसलेले तर सोडाच पण वीस वीस वर्षं ग्रीन कार्डवर राहणाऱ्यालाही मत नाही. तिसरी नोंदणी आणि प्रत्यक्ष मतदानाची. देशपातळीवर २०२० मध्ये मतदानाला पात्र लॅटिनो नागरिकांपैकी साधारण ५४ टक्क्यांनी मत दिलं, गोऱ्यांमध्ये हाच आकडा ७१च्या आसपास आणि काळ्यांमध्ये ६३च्या आसपास होता. आणि २०२० हे चांगलं वर्ष, त्याआधी २०१२ आणि २०१६ ला लॅटिनो टर्नआउट ५०च्या खालीच राहिला होता.

लोक "त्यांना राजकारणात इंटरेस्टच नाही" म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही, कारण दोन नोकऱ्या, भाड्याचं घर, दर वर्षा-दोन वर्षांनी बदलणारा पत्ता, असं असलं की कुठल्याही जातीधर्माच्या माणसाचं मतदान घसरतं. शिवाय पक्षांचे लोक दार ठोठावतात ते आधी मत दिलेल्यांच्या यादीवरून, ज्याने कधी दिलंच नाही त्याच्याकडे कोणी फिरकत नाही, मग तो परत देत नाही, आणि मग म्हणायचं हे लोक मतदानच करत नाहीत.

३. नागरिक नसलेल्यांना मत नाही तर मतदारसंघ आखताना त्यांना मोजतात कशाला?

राज्यघटना सांगते की कुठल्या राज्याला काँग्रेसच्या किती जागा हे वाटप एकूण माणसांवर करायचं, मतदारांवर नाही. राज्याच्या आतले मतदारसंघसुद्धा सगळीकडे एकूण लोकसंख्येवरच आखतात, आणि त्याविरुद्ध टेक्सासमधून गेलेली केस सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये आठ विरुद्ध शून्य अशी फेटाळली. लहान मुलांना पण मत नसतं, तरी त्यांचा कोणी प्रतिनिधी असतोच ना.

पण परिणाम मजेशीर होतो. १९९० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियातला प्रत्येक मतदारसंघ साधारण पावणेसहा लाखांचा होता, आणि १९९६ ला ह्या ४६व्यात पहिल्या दोघांना मिळून ९५ हजारांच्या आत मतं पडली. म्हणजे इथे एकेका मताला फार वजन, आणि म्हणूनच पुढची सगळी मारामारी.

४. १९९६ ला एवढं काय झालं होतं? सगळे त्याचाच दाखला देतात.

बॉब डॉर्नन नावाचे रिपब्लिकन खासदार होते, माजी वैमानिक, बी-वन बाँबरचे एवढे कट्टर समर्थक की टोपणनावच "बी-वन बॉब" पडलं. प्रचंड तोंडाळ माणूस, आणि त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीतही (उमेदवार ठरवायची पक्षाची निवडणूक) उतरले होते, म्हणजे लक्ष घरी नव्हतंच. समोर लोरेटा सँचेझ, फायनान्समधल्या, मेक्सिकोहून आलेल्या आईवडलांची मुलगी, एकेकाळच्या रिपब्लिकन, १९९४ ला ॲनाहाईम सिटी कौन्सिलला लग्नानंतरचं ब्रिक्सी आडनाव लावून उभ्या राहिल्या आणि पडल्या. १९९६ ला ब्रिक्सी गायब, नुसतं सँचेझ. आडनावाचं राजकारण आपल्याकडेच चालतं असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

मतदानाच्या रात्री डॉर्नन थोडक्यात पुढे होते, मग पोस्टाने आलेली आणि नंतर तपासायची राहिलेली मतं मोजत गेले आणि सँचेझ पुढे गेल्या. अधिकृत आकडे: सँचेझ ४७,९६४, डॉर्नन ४६,९८०. फरक ९८४, रीकाउंटमध्ये ९७९. डॉर्नननी हार मानली नाही, म्हणाले नागरिक नसलेल्यांच्या मतांनी मला पाडलं, आणि थेट हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजकडे (काँग्रेसचं खालचं सभागृह) तक्रार केली. सँचेझनी शपथ घेतली तरी वर्षभराहून जास्त त्यांच्या डोक्यावर तलवार लटकत होती. मधल्या काळात, सप्टेंबर १९९७ मध्ये, माजी सदस्य म्हणून डॉर्नन सभागृहात आले आणि न्यू जर्सीच्या बॉब मेनेंडेझशी त्यांची अशी जुंपली की सभागृहाने ठराव करून त्यांना प्रवेशबंदी केली. शेवटी फेब्रुवारी १९९८ मध्ये तक्रार फेटाळली गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दोघे परत समोरासमोर आले आणि सँचेझ आरामात जिंकल्या.

५. फिरवाफिरवी नको. नागरिक नसलेल्यांनी मतदान केलं होतं, हो की नाही?

हो, काहींनी केलं होतं. त्याने निकाल बदलला असं सिद्ध झालं का? नाही. ही दोन्ही वाक्यं एकत्र म्हणायची दोन्ही बाजूंची तयारी नसते, एक बाजू पहिलंच सांगते आणि दुसरी दुसरंच.

हाउसच्या समितीत तेव्हा रिपब्लिकन बहुमत होतं. त्यांनी मतदारयादी आणि इमिग्रेशन खात्याच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि ७४८ मतं अवैध धरली, त्यातली ६२४ नागरिक नसलेल्यांची आणि बाकीची १२४ पोस्टल मतांच्या भानगडीची. डेमोक्रॅट सदस्यांना तोही आकडा मान्य नव्हता. पण धरून चाला की ७४८ बरोबर, तरी ते ९७९ पेक्षा कमीच, आणि ती मतं सगळीच्या सगळी सँचेझनाच पडली हे कोण सांगणार, गुप्त मतदान आहे.

आता मेख. ह्यातले अनेक लोक चोरून आलेले वगैरे नव्हते, ते नागरिकत्वाच्या रांगेत होते. एर्मांदाद मेहिकाना नासियोनाल नावाची संघटना सँटा ॲनात नागरिकत्वाचे क्लास घ्यायची. तिथे मुलाखत पास झालेल्या पण शपथविधी बाकी असलेल्या लोकांकडून मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घेतले गेले, आणि काहीजण फॉर्म भरताना नागरिक नव्हते पण मतदानाच्या दिवशी झालेले होते. कायद्याने हे चूकच, कॅलिफोर्नियात नोंदणी करताना नागरिक असावं लागतं. पण मुलाखत घेणारा अधिकारी "अभिनंदन, तुम्ही पास" म्हणाल्यावर समोरच्याला शपथेपर्यंतचे मधले आठवडे म्हणजे नुसती औपचारिकता वाटते. संघटनेवर धाड पडली, कागदपत्रं जप्त झाली, प्रकरण काउंटीच्या ग्रँड ज्युरीपुढे (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) गेलं आणि डिसेंबर १९९७ मध्ये ज्युरीने कोणावरही आरोप ठेवायला नकार दिला.

माझं मत विचाराल तर संघटनेने निष्काळजीपणा केला, आणि त्याची किंमत नंतर कित्येक वर्षं अशा लोकांनी मोजली ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. (कशी ते प्र. ७ मधल्या २००६ च्या प्रकारात.)

६. प्रॉप (प्रपोझिशन) १८७ काय प्रकार होता आणि त्याचा इथे काय संबंध?

नोव्हेंबर १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ५९ टक्क्यांनी पास केलेला कायदा: कागदपत्र नसलेल्यांना सरकारी शाळा, तातडीचे सोडून बाकी वैद्यकीय उपचार, आणि इतर मदत बंद. चळवळ ऑरेंज काउंटीतच शिजली होती, आणि गव्हर्नर पीट विल्सन त्यावर स्वार होऊन परत निवडून आले. कोर्टाने बराचसा भाग लगेच अडवला, १९९९ मध्ये तो कायमचा संपला. शाळेचं कलम तर टिकणारच नव्हतं, कागदपत्रं नसली तरी मुलांना सरकारी शाळेत घ्यावंच लागतं हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच सांगितलं होतं.

कायदा मेला पण त्याने काम उलटं केलं. रेगनच्या काळात, १९८६ च्या कायद्याने २७ लाखांच्या आसपास लोकांना कागदपत्रं मिळाली होती, आणि ते नेमके नव्वदच्या मध्यात नागरिकत्वाला पात्र होत होते. एरवी मेक्सिकन माणूस नागरिकत्व घ्यायला सगळ्यात सावकाश, एक तर देश शेजारीच, दुसरं म्हणजे तेव्हा मेक्सिकोत दुहेरी राष्ट्रीयत्व नव्हतं, ते १९९८ पासून मिळालं. (आपल्या लोकांना ही घालमेल समजावून सांगायला नको, निळा पासपोर्ट परत करताना आपलीही तीच गत होते.) पण १८७ नंतर लोक घाबरले, चिडले, आणि रांगेत लागले. तेव्हा फी ९५ डॉलर होती, आता ऑनलाइन ७१०. १९९६ च्या आर्थिक वर्षात देशभरात दहा लाखांहून जास्त लोक नागरिक झाले. ज्या काउंटीने १८७ जन्माला घातला तिथेच दोन वर्षांत डॉर्नन पडले, हा योगायोग नाही.

७. पोलिंग बूथवर लॅटिनोंना घाबरवायला गार्ड उभे केले होते म्हणे. ही अफवा ना?

अफवा नाही. नोव्हेंबर १९८८, विधानसभेची निवडणूक, रिपब्लिकन उमेदवार कर्ट प्रिंगल. काउंटीच्या रिपब्लिकन पक्षाने सँटा ॲनातल्या लॅटिनो वस्तीतल्या २० बूथवर युनिफॉर्म घातलेले खाजगी सुरक्षारक्षक उभे केले, आणि इंग्रजी-स्पॅनिश पाट्या, की नागरिक नसलेल्यांना मतदान करता येत नाही. पाटीवरचं वाक्य कायद्याने खरंच आहे, पण ती गणवेशातल्या माणसाच्या शेजारी फक्त एका वस्तीत लावली की अर्थ बदलतो. प्रिंगल थोडक्यात जिंकले, पक्षावर खटला झाला आणि पुढच्या वर्षी चार लाख डॉलर देऊन मिटवला. प्रिंगल पुढे असेंब्लीचे स्पीकर झाले, नंतर ॲनाहाईमचे महापौर.

दुसरा प्रकार २००६ चा. सँचेझविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन टॅन विन, स्वतः व्हिएतनामहून निर्वासित म्हणून आलेले, त्यांच्या प्रचारातून सुमारे १४ हजार स्पॅनिश आडनावाच्या मतदारांना स्पॅनिशमध्ये पत्र गेलं, की तुम्ही इमिग्रंट असाल तर मतदान करणं हा गुन्हा आहे, तुरुंग होईल, हाकलून देतील. साफ खोटं, कारण नागरिकत्व घेतलेला इमिग्रंट हा पूर्ण मतदार असतो आणि पत्रं नोंदणीकृत मतदारांनाच गेली होती. विन हरले, आणि नंतर तपासात दिशाभूल केल्याबद्दल दोषी ठरून त्यांना सुमारे वर्षभराची शिक्षा झाली. पत्रासाठी नाही, लपवाछपवीसाठी, हे लक्षात घ्या.

८. व्हिएतनामी लोक रिपब्लिकन आणि लॅटिनो डेमोक्रॅट, असं का? दोघेही बाहेरूनच आले ना?

आले वेगवेगळ्या दारांनी. १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडली, निर्वासित जवळच्या कॅम्प पेंडलटन ह्या लष्करी तळावरच्या तंबूत उतरले आणि मग वेस्टमिन्स्टर, गार्डन ग्रोव्हमध्ये स्थायिक झाले. आज तिथल्या बोल्सा ॲव्हेन्यूवर गेलात तर दक्षिण व्हिएतनामचा पिवळा झेंडा, तीन लाल पट्ट्यांचा, दुकानादुकानांवर दिसेल, तो देश जाऊन पन्नास वर्षं झाली तरी. ह्या लोकांना निर्वासित म्हणून आल्या आल्या कागदपत्रं मिळाली, नागरिकत्व पटकन मिळालं, आणि कम्युनिझमविरोध हा राजकारणाचा पाया, त्यामुळे बराच काळ रिपब्लिकन. म्हणजे प्र. २ मधली नागरिकत्वाची चाळण त्यांना लवकर पार करता आली.

ह्या दोन समाजांतली ठिणगी २०१० मध्ये उघड दिसली. रिपब्लिकन व्हॅन ट्रॅन समोर होते आणि सँचेझ युनिव्हिजन ह्या स्पॅनिश टीव्ही चॅनलवर स्पॅनिशमध्ये म्हणाल्या की व्हिएतनामी आणि रिपब्लिकन ही जागा आपल्याकडून काढून घ्यायला बघताहेत. ज्या बाईंना वंशाच्या राजकारणाने वर्षभर छळलं त्यांच्या तोंडून हे यावं! वर त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं व्हिएतनाममधल्या मानवी हक्कांसाठी काम केलेलं. जिंकल्या त्या, पण वाक्य चिकटलं ते चिकटलंच.

आता तो साचाही मोडतोय. शेजारच्या ४५व्या मतदारसंघात, ज्यात लिटल सायगाव ही व्हिएतनामी वस्ती येते, २०२४ ला डेमोक्रॅट डेरेक ट्रॅन यांनी रिपब्लिकन मिशेल स्टील यांना ६५३ मतांनी हरवलं.

९. आणि लॅटिनो म्हणजे डेमोक्रॅट हे गणित?

हल्ली ते गणित धरून चालू नका. २०२४ ला ट्रम्पना लॅटिनो मतांपैकी ४६ ते ४८ टक्के पडली असं वेगवेगळ्या पाहण्या सांगतात. महागाई, घरभाडं हे मुद्दे होतेच, पण "आम्ही रांगेत उभं राहून आलो" हा सूरही असतो, आणि तो मराठी माणसाच्या दिवाळी पार्टीतही ऐकू येतोच की. तिसऱ्या पिढीच्या, स्पॅनिश न येणाऱ्या पोराला मेक्सिकोच्या सीमेबद्दल आजीसारखंच वाटेल हे गृहीत धरणं म्हणजे राजकीय आळस. सँटा ॲनात अजून डेमोक्रॅटच येतात, फक्त "आपली माणसं" म्हणून मत मागायचा काळ संपत आलाय.

१०. नागरिक व्हायला इंग्रजीची परीक्षा असते, मग स्पॅनिश आणि व्हिएतनामी बॅलट कशाला?

सगळ्यांना ती परीक्षा नसते. वय पन्नासच्या पुढे आणि ग्रीन कार्डवर वीस वर्षं, किंवा पंचावन्नच्या पुढे आणि पंधरा वर्षं, तर इंग्रजी माफ. शिवाय प्वेर्तो रिकोत (अमेरिकेच्या ताब्यातलं स्पॅनिश बोलणारं बेट) जन्मलेले लोक जन्मतः नागरिक, त्यांना परीक्षाच नाही. आणि नागरिकत्वाच्या परीक्षेचं इंग्रजी म्हणजे एखादं वाक्य वाचणं-लिहिणं, इथली बॅलट म्हणजे कर्जरोखे, डायलिसिस क्लिनिक आणि पाण्याच्या बोर्डावरची पानंच्या पानं. इंग्रजीत शिकलेल्या माणसाचीही दमछाक होते, मी दर वेळी चहा घेऊनच बसते.

कायदा १९७५ चा: काउंटीत एखाद्या भाषेचे, इंग्रजी नीट न येणारे दहा हजार किंवा पाच टक्के मतदानयोग्य नागरिक असले, आणि त्यांच्यात निरक्षरतेचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त असलं की त्या भाषेत साहित्य द्यावंच लागतं. ऑरेंज काउंटीत स्पॅनिश, व्हिएतनामी, चिनी, कोरियन आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आहे. मराठी कुठे नाही, आणि आपली इंग्रजी येणारी संख्या बघता होणारही नाही.

११. सिटी कौन्सिलमध्ये वॉर्ड नव्हते का? आपल्याकडे तर नगरसेवक वॉर्डाचाच असतो.

इथे बऱ्याच शहरांत सगळं शहर मिळून सगळे सदस्य निवडायचे, म्हणजे ज्या भागात टर्नआउट जास्त तो भाग सगळ्या जागा घेऊन जायचा. ॲनाहाईममध्ये निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो, पण कौन्सिलवर टेकड्यांवरच्या श्रीमंत भागाचं वजन. २०१२ मध्ये खटला झाला, २०१४ ला तडजोड आणि मतदारांची मंजुरी, २०१६ पासून वॉर्ड.

गंमत सँटा ॲनाची. तिथे २००६ नंतर अख्खं कौन्सिल लॅटिनो झालं, आणि तिथे खटला झाला तो आशियाई मतदारांच्या बाजूने, की आमचा माणूस कधीच येत नाही. २०२० पासून तिथेही वॉर्डनिहाय मतदान.

१२. नागरिक नसताना कुठलंच मतदान करता येत नाही का? सॅन फ्रान्सिस्कोत करतात असं ऐकलं.

बरोबर ऐकलंय, पण फक्त शाळा बोर्डासाठी, आणि ज्यांची मुलं शहरात राहतात अशा पालकांना, २०१८ पासून. सँटा ॲनाने नोव्हेंबर २०२४ मध्ये शहराच्या निवडणुकीत नागरिक नसलेल्यांना मत द्यायचं का हे मतदारांनाच विचारलं, त्या प्रस्तावाचं नाव मेझर डीडी. लॅटिनो बहुसंख्य शहर, २०१६ पासून सँक्चुरी सिटी (इमिग्रेशनच्या धरपकडीत मदत न करणारं शहर), तरी प्रस्ताव मोठ्या फरकाने पडला. का, ते प्र. ९ मध्ये आलंय. राष्ट्रीय निवडणुकीत तर प्रश्नच नाही, तो संघराज्याचा गुन्हा आहे.

१३. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि डीएमव्हीत (आपल्या आरटीओसारखं खातं) लायसन्स काढताना मतदार म्हणून नोंद झाली. आता काय?

घाबरू नका पण गप्पही बसू नका. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात आपोआप नोंदणी सुरू झाली तेव्हा डीएमव्हीच्याच चुकीने सुमारे १५०० जणांची चुकीची नोंद झाली होती, त्यात नागरिक नसलेलेही होते, म्हणजे असं होतं.

मतपत्रिका घरी आली तरी भरायची नाही, "आली म्हणजे पात्रच असेन" हा तर्क चालत नाही. काउंटी रजिस्ट्रारला (मतदारयादी सांभाळणारं कार्यालय) लेखी कळवून नाव काढून घ्या, त्याची प्रत जपून ठेवा, आणि नागरिकत्वाचा अर्ज टाकायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा, कारण त्या अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, मत दिलं का, हे सरळ विचारलेलं असतं. १९९६ च्या सप्टेंबरात, म्हणजे डॉर्नन-सँचेझ मतदानाच्या काही आठवडे आधी, क्लिंटननी सही केलेल्या कायद्यापासून हे नियम फार कडक झालेत, नागरिक असल्याचा खोटा दावा केला तर परतीचा रस्ता जवळपास बंदच. एक अपवाद: ज्याचे आईवडील दोघेही नागरिक आहेत, जो सोळाच्या आत इथे कायम राहायला आला, आणि ज्याला खरोखरच आपण नागरिक आहोत असं वाटत होतं.

१४. श्री ठाणेदारांचं डेट्रॉईट आणि हे सँटा ॲना, तुलना होऊ शकते का?

थोडीफार. बेळगाव जिल्ह्यातला मराठी माणूस २०२२ मध्ये डेट्रॉईटमधून काँग्रेसमध्ये गेला म्हणून आपल्याकडे पेढे वाटले गेले, पण तिथल्या काळ्या समाजात वेगळीच चर्चा होती. प्रायमरीत नऊ उमेदवार, त्यात काळ्यांची मतं अनेकांत फुटली, आणि ठाणेदार २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुढे आले. १९५५ पासून पहिल्यांदा डेट्रॉईटला काळा खासदार राहिला नाही. जागा कोणा एका समाजाची असते का, हा २०१० च्या सँटा ॲनाचाच प्रश्न, फक्त ह्या वेळी दुसऱ्या बाजूला आपला माणूस होता म्हणून आपल्याला तो तेवढा टोचला नाही.

१५. मी अर्व्हाइनला राहतो, माझा मतदारसंघ हाच का?

नाही. अर्व्हाइन वेगळ्या मतदारसंघात आहे, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ही गल्लत दर वेळी होते. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रॉप ५० पास झाल्याने राज्याचे काँग्रेसचे नकाशे परत बदललेत, तेव्हा मित्राने पाठवलेला जुना नकाशा बघू नका, काउंटी रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतःचा पत्ता टाका.